वरचा नट कुणाचं ओझं उचलतो? चाकणच्या एका गोदामातलं ट्रॅपीझ हँगरचं प्रकरण

स्प्रिंकलरच्या पाइपांत पाणी भरायला घेऊन चाळीसेक मिनिटं झाली होती. पाइपातून हवा सुटल्याचा फुस्स आवाज थांबला आणि छताकडून 'टक्' असा एकच आवाज आला. फोरमन मामांनी वर पाहिलं, काही दिसलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तसाच आवाज आला. मामांनी कुणाला न विचारता पंप बंद केला. पुढच्या सगळ्या वादात ठेकेदाराची बाजू लंगडीच होती, पण हे एक काम त्याच्या माणसाने बिनचूक केलं, ते आधीच नोंदवून ठेवतो.

मला फोन आला दुसऱ्या दिवशी सकाळी. फायर फायटिंगच्या कामांची तपासणी हाच माझा धंदा, त्यामुळे असे फोन नवे नाहीत. चाकण पट्ट्यातलं गोदाम. जागेचा मालक एक, भाडेकरू दुसरा, शेड बांधणारी पीईबी (कारखान्यात तयार करून आणलेल्या लोखंडी शेडची) कंपनी तिसरी, स्प्रिंकलरचा ठेकेदार चौथा. अशा ठिकाणाहून फोन आला की वाक्य ठरलेलं असतं: "सर, फक्त एकदा येऊन बघा, किरकोळ आहे."

शेड साठ मीटर लांब, साडेसात मीटरचे आठ बे, म्हणजे गाळे. छताला दहाला एक उतार. राफ्टरवर, म्हणजे छताच्या तिरक्या मुख्य तुळयांवर, दर दीड मीटरला २०० मिमी उंचीच्या, २ मिमी जाड पत्र्याच्या झेड आकाराच्या पर्लिन, म्हणजे छताचा पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या. स्प्रिंकलरची १५० एनबी (एनबी म्हणजे पाइपाच्या पोकळीचं मिमीतलं नाममात्र माप) मुख्य लाइन शेडच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पर्लिनला समांतर गेलेली. तिच्या खालून रॅकमधल्या स्प्रिंकलरना पाणी नेणारी १०० एनबी लाइन. दोन्हींना मिळून दर अडीच मीटरला एक दोन मजली ट्रॅपीझ, असे एकूण चोवीस. करारात मानक म्हणून एनएफपीए १३, म्हणजे स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक, लिहिलेलं.

झोपाळ्याची फळी

पाइप पर्लिनला आडवा जात असेल तर दर दीड मीटरला टांगायला जागा आपोआप मिळते. समांतर गेला की अडचण होते. दोन पर्लिनच्या मधल्या पोकळीत त्याच्या डोक्यावर पत्र्याशिवाय काहीच नसतं, आणि पत्र्याला काही टांगत नाहीत. मग दोन्ही बाजूंच्या पर्लिनवरून एकेक रॉड सोडायचा, रॉडांच्या तळाशी आडवा अँगल नाहीतर चॅनल बसवायचा आणि त्यावर पाइप ठेवून यू-बोल्टने आवळायचा. हाच ट्रॅपीझ. कडीपाटाच्या वाड्यातला झोपाळा आठवा: कड्या तुळईला, फळी कड्यांना, माणूस फळीवर. इथे पाइप हा तो माणूस. फरक एवढाच की हा कधी उठून जात नाही आणि पाणी प्यायला की जवळजवळ दुप्पट होतो. १५० एनबी हेवी पाइप रिकामा असताना मीटरला २१ किलो भरतो, पाण्याने भरला की ४०. १०० एनबीचे रिकामे साडेचौदा, भरलेले २३.

म्हणूनच असली कामं उभारताना सगळं सुरळीत दिसतं. महिनाभर पाइप वर असतो, कुणी तक्रार करत नाही, बिलं निघतात. खरं ओझं येतं ते पाणी भरण्याच्या दिवशी.

ड्रॉइंग मागवलं. त्यात ट्रॅपीझचा एक 'टिपिकल डिटेल' होता. दोन रॉड, आडवा अँगल, वर पाइप. रॉड वर कशात गेले होते? काँक्रीटच्या स्लॅबमध्ये, अँकर फास्टनरने. कुठल्यातरी बेसमेंट पार्किंगच्या कामातला डिटेल उचलून पत्र्याच्या शेडच्या ड्रॉइंगवर डकवला होता. अँगलची मापं लिहिलेलीच नव्हती. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने ठरवलं नाही, ज्याने मंजूर केलं त्याने विचारलं नाही, आणि शेवटी अँगल कोणता लावायचा ते त्या दिवशी स्टोअरमध्ये काय पडलं होतं त्यावर ठरलं. पडला होता ५०×५०×६ चा अँगल.

वर चढल्यावर

सीझर लिफ्टने वर गेलो आणि पहिलं नजरेत भरलं ते पर्लिनचं टोक. झेड पर्लिनच्या खालच्या फ्लँजला, म्हणजे आडव्या बाजूला, कडेने वीसेक मिमीची वर वळलेली पट्टी असते, तिला लिप म्हणतात. दोन मिमीचा पत्रा ताठ राहतो तो या वळणामुळे. ठेकेदाराच्या माणसांनी रॉड टांगायला बीम क्लॅम्प वापरले होते, म्हणजे जाड आयबीमच्या फ्लँजला बोल्ट आवळून पकडणारे ते सी आकाराचे तुकडे. इथे तो बोल्ट लिपवर आवळला होता. पागोळीच्या बाजूच्या पर्लिनवर चोवीसपैकी नऊ ठिकाणी लिप बाहेर उघडली होती, तळताना करंजीची कड सुटावी तशी. आदल्या दिवशीचे 'टक्' हेच.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जरा वेळ लागला, कारण वर सगळंच तिरकं असल्यामुळे डोळा फसतो. ट्रॅपीझ पाणसळीत नव्हते. उतार दहाला एक, पर्लिनमधलं अंतर दीड मीटर, म्हणजे शेजारच्या दोन पर्लिनच्या उंचीत १५० मिमीचा फरक. त्यामुळे एका बाजूचा रॉड दुसऱ्यापेक्षा १५० मिमी लांब हवा. इथे सगळे रॉड एकाच मापाचे कापलेले. साहजिकच अँगल छताइतकाच तिरका, आणि यू-बोल्ट नुसते अडकवलेले. पाणी भरताना पाइपाला हवेचे धक्के बसतात. त्या धक्क्यांनी तो थोडा थोडा करत खालच्या बाजूला सरकला होता. तिसऱ्या बेमध्ये मी मोजलं तेव्हा पाइपाचा मध्य खालच्या रॉडपासून ४५० मिमीवर होता.

पाइप मध्यावरून सरकला की काय होतं, यावर साइटवर नेहमी अर्धंच बोललं जातं. एनएफपीएमध्ये यासाठी एक सोपं सूत्र आहे: चारदा 'अ' गुणिले 'ब', भागिले 'अ' अधिक 'ब'. 'अ' आणि 'ब' म्हणजे पाइपापासून दोन्ही टेकूंपर्यंतची अंतरं. इथे ४५० आणि १०५० घातले की १२६० मिमी येतात. म्हणजे अँगलच्या वाकण्याच्या दृष्टीने दीड मीटरचा गाळा सव्वा मीटरचा झाला, थोडा फायदाच. ठेकेदाराच्या इंजिनिअरने हे लगेच पकडलं आणि मला सुनावलंही. बरोबरच होतं त्याचं. पण अँगलला मिळालेली सूट पर्लिनला मिळत नाही. मध्यावर असताना दोन्ही रॉड निम्मं निम्मं वजन घेत होते, आता जवळचा रॉड सत्तर टक्के घ्यायला लागला. आणि जवळचा रॉड ज्या पर्लिनवर होता तिचीच लिप उघडली.

भोकांबद्दलही सांगायला हवं. मानकात भोक रॉडपेक्षा फार तर दीड मिमीने मोठं चालतं. इथे भोकं गॅसने पाडलेली, १० मिमीच्या रॉडला वीस मिमीची, कुठे लांबट तर कुठे चक्क जास्वंदीच्या पानासारखी कातरलेली. खाली बाजारातला पातळ वॉशर. पाण्याचं वजन आल्यावर तो वॉशर भोकात दबून वाटीसारखा झाला होता. एक काढून खिशात टाकला. बैठकीत तो टेबलावर ठेवल्यावर जेवढी शांतता झाली तेवढी माझ्या अहवालाने कधी झाली नाही.

एका झोपाळ्याखाली दुसरा

हे सगळं तसं नेहमीचं. मला खरं चपापायला झालं ते दोन मजल्यांच्या जोडणीकडे पाहून.

दोन मजली ट्रॅपीझमध्ये रॉड एकसंध हवा. तो वरून येतो, वरच्या अँगलमधून आरपार जातो आणि खालच्या अँगलपर्यंत पोचतो. प्रत्येक अँगलखाली त्याचा त्याचा नट. अशा वेळी वरच्या नटावर फक्त वरच्या पाइपाचं ओझं येतं, खालचं ओझं रॉडमधून परस्पर वर जातं. आकडे घालून बघू. अडीच मीटर भरलेल्या १५० एनबीचे १०० किलो, म्हणजे एका बाजूच्या नटावर ५०. खालच्या १०० एनबीचे साधारण ५८, म्हणजे खालच्या नटावर २९.

इथे रॉड वरच्या अँगलखाली संपवला होता. खालच्या मजल्यासाठी त्याच अँगलला साठ मिमी आत दुसरं भोक पाडून वेगळा रॉड सोडला होता. झोपाळ्याच्या फळीलाच दुसरा झोपाळा टांगल्यासारखं. आता वरचा नट ५० ऐवजी ७९ किलो उचलत होता, तेही त्या वाटी झालेल्या वॉशरवर आणि कातरलेल्या भोकावर. खालून पाहणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. रॉड तेच, पाइप तेच, नटांची संख्या उलट जास्त. "सर, आम्ही तर एक्स्ट्रा नट दिलाय," असं मला एकाने खरोखर सांगितलं.

मामांना विचारलं, असं का केलंत? त्यांनी न लपवता सांगितलं, "साहेब, नट वरून फिरवत फिरवत मीटरभर खाली आणायचा म्हणजे एकेकाला दोन-तीन मिनिटं जातात. वरती उभं राहून हात भरून येतो. तुकडा लावला की झटक्यात होतं."

हे ऐकताना मला कॅन्सस सिटी आठवलं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या या शहरात हयात रीजन्सी हॉटेल १९८० मध्ये सुरू झालं. त्याच्या भव्य दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पादचारी पूल छताला रॉडांनी टांगलेले होते, एकाच्या बरोबर खाली दुसरा. मूळ कल्पना एकसंध रॉडची: छतातून निघून चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार दुसऱ्यापर्यंत. पण त्यासाठी रॉडला भली मोठी लांबी आटे पाडावे लागले असते आणि नट तेवढ्या लांबीवरून फिरवत न्यावा लागला असता. म्हणून बांधकामाच्या वेळी रॉडचे दोन भाग केले. चौथ्या मजल्याचा पूल छताला टांगला आणि दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्याच्या तुळईला. १७ जुलै १९८१ च्या शुक्रवारी संध्याकाळी, खाली नाचाचा कार्यक्रम चालू असताना, दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेल्या त्या तुळईतून नट वर ओढला गेला आणि दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. तपासात आणखी एक गोष्ट बाहेर आली: मूळ एकसंध रॉडची जोडणीसुद्धा शहराच्या नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या साठेक टक्केच होती. रॉड तोडल्यावर त्या आधीच कमी पडणाऱ्या जोडणीवर दुप्पट ओझं आलं.

आमच्या गोदामात माणसं पुलावर उभी नव्हती, भरलेले पाइप होते आणि वजनं त्यामानाने किरकोळ. तरी चूक तीच, आणि ती घडण्यामागचं कारणही तेच: नट फिरवायचा कंटाळा. त्याहून वाईट म्हणजे इथेही जी जोडणी मुळातच कमी होती तिच्यावरच जास्तीचं ओझं घातलं होतं. ती किती कमी होती ते आता सांगतो.

अँगलचा हिशेब

एनएफपीए ट्रॅपीझच्या आडव्या तुकड्याकडून मागते ते असं: ४.५७ मीटर भरलेल्या पाइपाचं वजन अधिक ११४ किलो, हे सगळं एका ठिकाणी आहे असं धरा आणि धातूत ताण १०३ एमपीएच्या वर जाऊ देऊ नका. हे ११४ किलो म्हणजे मूळचे अडीचशे पौंड. आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ लावतात: उद्या कुणी पाइपाला शिडी टेकवली, कुणी लोंबकळला, तरी निभावलं पाहिजे.

१५० एनबीचे ४.५७ मीटरचे १८३ किलो, त्यात ११४ मिळवले की २९७. दीड मीटरच्या गाळ्याच्या मध्यावर हे वजन ठेवलं की सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला तोंड देण्याच्या ताकदीचं माप, लागतो १०.६ घन सेंमी. ५०×५०×६ च्या अँगलचा असतो साडेतीनच्या आसपास. गरजेच्या एक तृतीयांश. ठेकेदार म्हणाला, आमचं अंतर साडेचार मीटर नाही, अडीचच आहे. ठीक, तसं धरू. १०० अधिक ११४, म्हणजे २१४ किलो. तरीही लागतात ७.६. दुप्पट.

मग कोणता घ्यायचा? ठेकेदाराने ७५×७५×८ चा अँगल सुचवला. त्याचा मॉड्युलस ११, कागदावर पास. पण मध्यावर यू-बोल्टची दोन भोकं पडणार, ती वजा केली की काठावरचा पास नापास होतो. आणि या अँगलचं वजन मीटरला जवळपास नऊ किलो. उलट आयएसएमसी ७५, म्हणजे ७५ मिमी उंचीचा सी आकाराचा चॅनल, मीटरला सातेक किलो आणि मॉड्युलस वीस. हलका, तरी जवळजवळ दुप्पट ताकदीचा. लोखंड किलोवर विकत घेणाऱ्याला ही गोष्ट पटवायला खरं तर फार बोलावं लागू नये. तरी अर्धा तास गेला, कारण 'ट्रॅपीझ म्हणजे अँगल' हे डोक्यात पक्कं.

चॅनलचा एक त्रास मात्र आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. चॅनल उभा, म्हणजे वेब (दोन फ्लँजना जोडणारी पाठ) उभी ठेवून लावला तरच ही ताकद मिळते. आडवा पाडला, पाठीवर निजवला, की सगळा हिशेब फुकट. उभा लावला की रॉड दोन्ही फ्लँजमधून आरपार न्यावा लागतो. खालच्या फ्लँजची बाहेरची बाजू सपाट असते, तिथे नट नीट बसतो. पण पाइपाच्या यू-बोल्टचे नट वरच्या फ्लँजच्या आतल्या बाजूला येतात आणि ती बाजू उतरती असते. तिथे टेपर वॉशर, म्हणजे उतार भरून काढणारा पाचरीसारखा वॉशर, नसेल तर नट एका कडेवर टेकतो आणि बोल्ट वाकतो. टेपर वॉशर चाकणमध्ये मिळाले नाहीत, भोसरीतून आणावे लागले.

रॉडबद्दल एकच. सगळे पाहणी करणारे रॉडकडे बघतात, कॅलिपर लावतात, फोटो काढतात. १५० एनबीला १२ मिमी रॉड मागितलेला असताना इथे १० मिमी होता, म्हणजे नियम मोडलाच होता. पण साधा ४.६ ग्रेडचा एम १० रॉडसुद्धा १.४ टनाच्या आसपास ताणायला लागतो. हँगरला पाइपाच्या पाचपट अधिक ११४ किलो उचलता आले पाहिजेत, हा नियम लावला तरी वरच्या पाइपापोटी एका रॉडवर येतात ३०७ किलो. या प्रकरणात रॉड हा सगळ्यात निर्दोष गडी होता.

पर्लिन कुणाच्या स्कोपमध्ये?

बैठक झाली. ठेकेदार म्हणाला, क्लॅम्प बदलून देतो, चॅनल लावून देतो, पर्लिन आमच्या स्कोपमध्ये नाही. पीईबीवाले म्हणाले, आम्ही छतावर चौरस मीटरला १० किलोचा कोलॅटरल लोड, म्हणजे छताला टांगल्या जाणाऱ्या सामानाचं वजन, धरलाय, करारात लिहिलंय, तुम्ही त्यात बसवा. मालकाचा माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

दहा किलो ऐकायला पुरेसे वाटतात. शेडचं सगळं क्षेत्रफळ घेतलं तर पाइपांचं वजन त्यात आरामात बसतंही. पण हे दहा किलो छतभर पसरलेले असतात, आणि आपला पाइप पसरलेला नसतो. एका पर्लिनच्या वाट्याला येतं दीड मीटर गुणिले साडेसात, म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटर. दहा किलोच्या हिशेबाने एका बेमध्ये एका पर्लिनला परवानगी ११२ किलोची. त्यातच दिवे, पंखे, ब्रँच लाइनही आल्या. मुख्य लाइन बेमध्ये ३०० किलो, खालची १७२, मिळून ४७२. दोन पर्लिनमध्ये वाटून प्रत्येकी २३६. परवानगीच्या दुपटीहून जास्त, तेही पाइप बरोबर मध्यावर असेल तर. तो सत्तर-तीसच्या वाटणीवर गेलेला असताना खालच्या पर्लिनचं काय होत असेल, ते लेझरने दाखवलं: पाणी असताना गाळ्याच्या मध्यावर शेजारच्या पर्लिनपेक्षा ११ मिमी खाली, पाणी काढल्यावरही ३ मिमी तशीच.

एनएफपीएत याबद्दल स्पष्ट अट आहे: जिथे टांगायचं त्या इमारतीच्या भागाने भरलेल्या पाइपाचं वजन अधिक ११४ किलो टांगल्या ठिकाणी पेललं पाहिजे. हँगर मजबूत असणं एवढ्यावर भागत नाही. बाकी बहुतेक कामांत ही ओळ वाचून पुढे जातात, कारण काँक्रीटच्या स्लॅबला त्याचं काही वाटत नाही. दोन मिमीच्या पत्र्याला वाटतं.

मी बैठकीत एकच मागणी लावून धरली. चोवीसपैकी कुठलाही एक ट्रॅपीझ घ्या आणि ओझं पाइपापासून पायापर्यंत बोटाने दाखवा. यू-बोल्ट, चॅनल, नट, रॉड, क्लीट (रॉड पर्लिनला जोडणारा तुकडा), पर्लिन, राफ्टर, कॉलम. प्रत्येक ठिकाणी 'इथे किती किलो' हे कुणीतरी लिहून सही करायची. पर्लिनच्या रकान्यात सही करायला कुणी तयार होईना, तेव्हा मालकाच्या माणसाला प्रश्न कुठे अडलाय ते आपोआप कळलं.

दुरुस्ती

सगळ्यात स्वस्त उपाय होता ओझंच कमी करण्याचा. रॅकची १०० एनबी लाइन छताला असण्याची गरजच नव्हती. ती पाणी द्यायला शेवटी खालीच येणार होती. ती बाजूच्या कॉलमवर, चार मीटर उंचीवर ब्रॅकेटवर घेतली. कॉलमला असल्या वजनाचं काहीच वाटत नाही. फक्त रायझरजवळच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपाजवळच्या, दोन बेमध्ये दोन्ही लाइन बरोबर राहणं भाग होतं, म्हणून सहा ट्रॅपीझ दोन मजलीच राहिले.

मुख्य लाइनीच्या दोन्ही पर्लिन पीईबीवाल्यांनी दुहेरी केल्या, एका झेडच्या आत दुसरी बसवून. त्याचा खर्च कुणी द्यायचा यावर पंधरा दिवस गेले. ते सगळे इथे सांगत बसत नाही.

क्लॅम्प सगळे गेले. त्याऐवजी पर्लिनच्या वेबला दोन एम १२ बोल्टने क्लीट, भोकं पीईबीवाल्यांनी सांगितलेल्या जागीच. ओझं वेबमधून गेलं की फ्लँज पिळवटत नाही. यातही एक बारीक भानगड निघाली. पर्लिन राफ्टरला काटकोनात बसलेली, म्हणून तिची वेब उभ्यापेक्षा साडेपाच-पावणेसहा अंशांनी कललेली. साधा नव्वद अंशांचा अँगल क्लीट म्हणून लावला की त्याची आडवी बाजूही तेवढीच तिरकी. रॉड ओळंब्यात लटकवला की नट एका कडेवर टेकतो आणि रॉडला मुळाशी बाक येतो. पहिला नमुना बसवल्यावर हे दिसलं. मग ६ मिमी प्लेट वाकवून क्लीट केले, कोन नव्वदऐवजी उताराचा हिशेब घालून.

रॉड दोन मापांचे कापले, १५० मिमीच्या फरकाचे. वरच्या बाजूच्या रॉडांच्या टोकाला लाल रंग, खालच्या बाजूच्या रॉडांना पिवळा. चुकीचा रॉड चुकीच्या बाजूला जाण्याचा प्रकार पुन्हा एकदाही झाला नाही. भोकं ड्रिलने, १२ च्या रॉडला १३.५ ची. वॉशर जाड, ४०×४० च्या प्लेटचे. खाली नट आणि तो सैल होऊ नये म्हणून त्याला लागून दुसरा, चेक नट.

आणि एकसंध रॉड. त्या सहा दोन मजली ट्रॅपीझवर मामांच्या पोरांपैकी एकाने नटाच्या कंटाळ्यावर तोड काढली. रॉड खालीच जमिनीवर घ्यायचा, एक टोक कॉर्डलेस ड्रिलच्या चकमध्ये पकडायचं, नट पान्ह्याने धरून ठेवायचा आणि ड्रिल फिरवायचा. मीटरभराचा प्रवास अर्ध्या मिनिटात. नट जागेच्या जवळ आणून ठेवलेला रॉड मग वर न्यायचा. चकचे दात आट्यांवर उठू नयेत म्हणून तो टोकाला दोन नट एकमेकांवर आवळून ते चकमध्ये पकडायचा. मामा बाजूला उभे राहून बघत होते. "हे आधी सुचलं असतं तर," एवढंच म्हणाले.

मध्येच इलेक्ट्रिकवाल्यांनी केबल ट्रेची चौकशी केली. नवे चॅनल भक्कम दिसत होते, ट्रे त्यावरच टाकला तर त्यांचे सपोर्ट वाचणार होते. स्प्रिंकलरच्या हँगरवर दुसऱ्या कुणाचं सामान टांगायचं नसतं, हा मानकातला साधा नियम. यावेळी तो मला सांगावा लागला नाही, मामांनीच त्यांना परतवलं.

पुणे भाग आयएस १८९३ : २०१६ प्रमाणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतो, म्हणून स्वे ब्रेसिंग, म्हणजे पाइप बाजूला झुलू नये म्हणून लावायचे तिरके आधार, वेगळं दिलं. ट्रॅपीझ ओझं खाली ओढलं जाण्यापासून वाचवतो, बाजूला झुलण्यापासून नाही. झोपाळाच तो.

पुन्हा पाणी भरलं. १३.८ बारला दोन तास ठेवलं, दाब हलला नाही. पर्लिनचा झुकाव ४ मिमी, त्यातले ३ आधीचेच. परवानाधारक एजन्सीने नमुना अ, म्हणजे अग्निशमन यंत्रणा नीट बसवल्याचा दाखला, दिला, भाडेकरूचा माल आत आला.

जाण्याआधी प्रत्येक नटावर पेंट मार्करने एक रेघ ओढून घेतली होती, नटावरून थेट रॉडवर. नट फिरला तर रेघ तुटते, जमिनीवरून दुर्बिणीनेही दिसतं. जुलैमध्ये नमुना ब (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा सहामाही दाखला) च्या तपासणीला गेलो तेव्हा ती बघत बघत साठ मीटर चाललो. दोन ठिकाणी रेघ तुटली होती, दोन्ही पंपहाउसच्या बाजूच्या पहिल्या बेमध्ये, जिथे पंप सुरू होतानाचा दणका सगळ्यात आधी पोचतो. लिफ्ट मागवून वर गेलो. दोन्ही ठिकाणी चेक नट लावायचा राहून गेला होता. तिथेच लावून घेतला, रेघ नव्याने ओढली, आणि त्या बेमधले बाकीचे चार ट्रॅपीझ-नटही पान्हा लावून पाहिले. ते घट्ट होते.